प्रूफवरची सही

भिंगरीला 'नाही' म्हणता येत नसे. कागदवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत छापखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं आणि जो तो आपापल्या परीने त्याचा फायदा उठवत होता. पण ती खरी अडकली ती एका साध्या 'हो'मुळे, आणि तेही अशा प्रश्नाला दिलेलं, ज्याचं उत्तर तिला मुळात माहीतच नव्हतं.

छापखाना तिच्या बाबांचा. एक लांबट हॉल, पुढे काचेची केबिन, मधे कागद कापायचं मशीन आणि मागे भिंतीला लागून ऑफसेट मशीन. खिडक्या होत्या, पण धूळ येते म्हणून त्यांना आतून पुठ्ठे ठोकलेले. बाहेर ऊन आहे की ढग, हे शटर वर केल्याशिवाय कळायचं नाही. लहानपणी ती या हॉलमध्ये गरगर फिरायची म्हणून भिंगरी हे नाव पडलं, आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षीही ते तसंच चिकटून होतं. आता मात्र ती फार फिरत नसे. गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं, आणि ते डोळ्याला लावून दिवसभर छापलेल्या कागदावरचे रंगाचे ठिपके तपासत बसायचं.

कारण बाबांचे डोळे गेल्या सात वर्षांत मधोमध विझत गेले होते. कडेकडेचं दिसायचं, नेमकं समोरचं दिसायचं नाही. माणसाशी बोलताना ते मान वळवून त्याच्या खांद्यापलीकडे बघत, म्हणजे मग तो माणूस त्यांना थोडाफार दिसे. लाल आणि विटकरी यातला फरक तर कधीच गेला होता. छापखान्याच्या मालकाला रंग दिसेनासा झाला तर मागे राहिलं काय, सांगा. भिंगरीने मधे एकदा डिझाइनच्या एका ऑफिसात नोकरी धरली होती. खिडकीपाशी टेबल होतं, त्याचंच तिला केवढं अप्रूप. नवव्या दिवशी औषधाच्या खोक्यांचा अख्खा माल परत आला, लालऐवजी विटकरी छापलेला. बाबांनी तिला परत ये म्हटलं नाही. संध्याकाळी जेवताना एक खोकं तिच्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "हा लाल बरोबर आहे का गं?" दहाव्या दिवशी ती पुन्हा भिंग घालून हजर. थोरला भाऊ दूर कुठेतरी बायकामुलांत रमलेला, तो फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." त्याचं काय जातंय निर्धास्त राहायला.

तर या छापखान्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं: कापायच्या टेबलाखालची कागदांची चळत.

नवं काम मशीनवर चढलं की पहिले शे-दीडशे कागद वायाच जातात. शाई आणि पाणी यांचं एकमेकांशी जमेपर्यंत छपाई कधी फिकी येते, कधी लडबडते. त्यासाठी कोरा कागद कोण घालणार? आधीच्या कामातले बिघडलेले कागद जपून ठेवायचे आणि तेच पुन्हा पुन्हा घालायचे. छापखान्यात याला वेस्टेज म्हणतात. एकाच कागदावर महिनाभरात बिस्किटांची वेष्टणं, शाळेचे फॉर्म, निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार आणि मूळव्याधीचं मलम असं सगळं एकावर एक चढत जातं. शेवटी तो कागद रद्दीत. भिंगरी मात्र त्यातले काही बाजूला काढायची, जिथे तिला बरं वाटेल तिथे कापायची आणि टेबलाखाली सपाट ठेवून द्यायची. अकरा वर्षं हे चाललं होतं. कुणाला दाखवायची नाही. दाखवून काय सांगणार, ही माझी रद्दी?

मग गावातल्या एका कलादालनाने जाहीर केलं की छापील कागदावरून काही करणाऱ्या नव्या कलावंतांचं प्रदर्शन भरवायचं आहे. ती जाहिरात छापायला यांच्याकडेच आली होती. भिंगरीने ठिपके तपासता तपासता मजकूर वाचला, आठवडाभर जीव टांगणीला लावून घेतला आणि शेवटी फोन केला.

दालनाच्या बाई स्वतः छापखान्यात आल्या. पांढरे आखूड केस, पायात खेळाडूचे बूट, बोलणं हळू. भिंगरीने कापायच्या टेबलावर नऊ कागद पसरले. बाई अर्धा तास त्यांच्याभोवती फिरल्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"यातला एकही चेहरा झाकला गेलेला नाही," त्या म्हणाल्या.

भिंगरीने पाहिलं. खरंच की. उमेदवाराच्या कानापर्यंत मलमाची अक्षरं आली होती आणि तिथेच थांबली होती. शाम्पूच्या बाईचे केस फॉर्मच्या रकान्यांत बुडाले होते, पण तोंड लख्ख. नऊ कागदांवर मिळून तीसेक चेहरे असतील, सगळे त्या गर्दीतून नीट बाहेर बघत होते. अकरा वर्षं भिंग डोळ्याला लावून बसलेल्या या बाईला ते एकदाही दिसलं नव्हतं. जवळून बघायची सवय लागली की असंच होतं.

"हे तुम्ही ठरवून केलंय, हो ना?" बाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता की तो मालवायला कुणाचा हात धजला असता?

"हो," भिंगरी म्हणाली.

पुढचं सगळं त्या एका अक्षराला धरून आलं. सात जणांची निवड झाली, त्यात ती होती. एकाने बसच्या तिकिटांचा भलामोठा पडदा शिवला होता, एकीने औषधांच्या खोक्यांतली ती घडीची पत्रकं उलगडून त्यांचे कपडे केले होते, बाकीचेही असेच. आणि बाईंनी तिला केबिनबाहेर नेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. दालनाची एक शिष्यवृत्ती होती. दोन वर्षं दुसऱ्या शहरात राहायला खोली, काम करायला मोठी जागा, तिथे एक जुनं छपाई मशीनसुद्धा. सातांतल्या एकाला मिळणार होती. नाव उद्घाटनाच्या दिवशी जाहीर व्हायचं होतं. "तुमच्या कागदांत एक विचार आहे," बाई म्हणाल्या. "चेहऱ्यांचा. तो जरा लिहून द्या."

दोन वर्षं. भिंगरीने त्या दिवशी घरी जाताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. बाबा तरी तिला अडवणार नव्हते; शिष्यवृत्ती म्हटल्यावर कोण बाप अडवतो? नोकरी सोडून परत यावं लागतं, बक्षीस सोडून ये म्हणून कुणी परत बोलावत नाही. बाहेर पडायला हे एकच दार होतं आणि ते त्या 'हो'ने उघडलं होतं. तिने लिहून दिलं: 'छापखान्यात माणूस कागदाखाली हरवून जातो. म्हणून प्रत्येक छपाईच्या आधी मी कागद असा फिरवून लावते की त्याचा चेहरा राखला जावा.' वाक्य छान जमलंय, असंच वाटलं तिला.

तरी दुसऱ्या दिवशी ती मागे मशीनपाशी गेली. चेहरे आपोआप तर वाचत नसणार.

मशीनवर मास्तर असत. चाळीस वर्षांपासून हे मशीन आणि त्याच्या आधीचं मशीन त्यांच्याच हाताखाली. बाबासुद्धा त्यांना मास्तर म्हणत आणि ते बाबांना मालक म्हणत, पण आवाज चढवायचा हक्क मास्तरांचा होता. माणूस कमी बोलणारा. त्यांचे दोन नियम होते. प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, सही असल्याशिवाय छपाईची प्लेट मशीनवर चढवायची नाही, आणि सही झाल्यावर टिंबसुद्धा हलवायचं नाही, मग मालक येवो की आणखी कुणी.

भिंगरी कागदाच्या रिमांआड उभी राहिली. मास्तरांनी नवी प्लेट उजेडात धरली, छाप कुठे पडणार आणि कोरं कुठे राहणार हे पाहिलं. मग वेस्टेजची चळत घेतली आणि एकेक कागद उचलून कधी सुलटा, कधी उलट्या टोकाने, कधी पाठ वर करून ठेवायला लागले. दहा मिनिटं. ती रोज ही दहा मिनिटं बघत आली होती. मास्तर कागद सारखे करतायत, एवढंच तिला वाटायचं.

"मास्तर, असे का फिरवता?"

त्यांना ती तिथे आहे हे माहीत होतं बहुतेक. "तोंडावर छापायचं नाही," ते म्हणाले.

"कुणाच्या?"

"कुणाच्याच." तिला वाटलं, संपलं बोलणं. मग ते हात पुसत म्हणाले, "मशीन हातात आलं त्याच वर्षीची गोष्ट. एक मुलगा हरवला होता, त्याची पत्रकं छापली होती आपण. त्याची आई आणखी थोडी मागायला आली. मी तेव्हा त्याच पत्रकांच्या वेस्टेजवर बूटपॉलिश चालवत होतो. ती इथे उभी राहिली, तू आहेस तिथे. तिने एक कागद उचलला आणि बाहीने त्या पोराचं तोंड पुसायला लागली. ओली शाई ती, पुसून जाते होय? जितकं पुसावं तितकं काळं होत गेलं. मला एक शब्द बोलली नाही."

"मुलगा सापडला?"

"मी विचारलं नाही कधी," मास्तर म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

याच वेळी तिने सांगून टाकायला हवं होतं, नाही का? सगळ्यांना असंच वाटेल. तिलाही वाटलं. पण मशीनचा आवाज मोठा होता, पत्र बाईंकडे गेलं होतं, आणि तिने मनाशी हिशेब मांडला की मास्तर काही कलादालनात जाणारे नव्हेत आणि दालनातली माणसं काही मशीनपाशी येणारी नव्हेत. दोन्हींच्या मधे तीच एक होती. ती गप्प राहिली की कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

एवढी हुशार मुलगी, पण छापखान्यात वाढलेल्या माणसाने करावी अशीच चूक तिने केली. छापण्यासाठी लिहून दिलेलं शेवटी कुठेतरी छापलं जाणार, हे ती विसरली.

बाबांनी प्रदर्शनाचं पुस्तक छापून द्यायचं कबूल केलं होतं. भेट म्हणून. तिला सांगितलंही नव्हतं. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो बसलाच. "लेकीचं पुस्तक दुसरीकडे छापू होय?" म्हणत त्यांनी जुना चांगला राखून ठेवलेला कागद काढला, बोटांनी चोळून पाहिला आणि मान वळवून तिच्या खांद्यापलीकडे हसले.

"बाबा, आपल्याकडे गर्दी आहे कामाची. दुसरीकडे दिलं असतं तर बरं झालं असतं."

"गर्दी राहू दे बाजूला."

"मास्तरांवर ताण पडेल."

"मास्तरच म्हणाले, मी छापतो." बाबांनी कागद तिच्या हातात दिला. "कधी नव्हे ते स्वतःहून म्हणाले."

भिंगरीची पाचावर धारण बसली. मजकूर बदलून द्यावा म्हणून तिने बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "अहो, त्या वाक्यावरच तर समितीचं एकमत झालंय. आता एका शब्दालाही हात लावू नका." आणि मग आवाज खाली आणून, "मी तुम्हाला काही सांगितलं नाही, पण सामान बांधायला हरकत नाही." भिंगरीने आभार मानले. फोन ठेवल्यावर ती कापायच्या मशीनवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. मागे जायचं तर मास्तर, पुढे जायचं तर बाई, आणि मधे केबिनमध्ये बाबा कुणालातरी फोनवर सांगत होते की आमच्या भिंगरीचा फोटो येतोय पुस्तकात.

दोन दिवसांनी मास्तर प्रूफ घेऊन आले. पान सात. वर तिचा फोटो, खाली ते वाक्य, चांगल्या ठसठशीत अक्षरांत. मास्तरांना जुन्या खिळ्यांची उलटी अक्षरंसुद्धा सुलटी वाचता येत. प्लेटवरचं अख्खं पान ते एका नजरेत वाचून काढत. त्यांनी वाचलं होतं यात शंकाच नव्हती. त्यांनी प्रूफ टेबलावर ठेवलं, शेजारी पेन ठेवलं आणि उभे राहिले.

"मजकूर वाच नीट," ते म्हणाले.

"वाचलाय, मास्तर."

"पुन्हा वाच. घाई नाही. मी थांबतो."

एवढ्या वर्षांत मास्तर सहीसाठी कधी थांबले नव्हते. प्रूफ ठेवायचे आणि जायचे. आता ते हाताच्या घड्या घालून उभे होते, नजर तिच्यावर नाही, भिंतीवरच्या शाईच्या डब्यांवर. भिंगरीने भिंग डोळ्याला लावलं. फोटोतल्या तिच्या चेहऱ्याचे नुसते ठिपके दिसले, गाल कुठला आणि डोळा कुठला काही कळेना. भिंग लावण्यासारखं काही नव्हतं तिथे, पण तेवढाच आडोसा. तिच्या मनात आलं, एक ओळ खोडायची, बस्स. मग पुठ्ठे ठोकलेल्या खिडकीकडे तिचं लक्ष गेलं. तिने पेन उचललं आणि सही केली.

मास्तरांनी सही बघितली. "ठीक," म्हणाले, आणि प्रूफ घेऊन गेले. पाचशे प्रती छापल्या, एक डाग नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मात्र तिला राहवेना. ती मागे गेली. "मास्तर, एक शुद्धिपत्र छापायचंय. छोटी चिठ्ठी, पान सातवर चिकटवायची. चेहरे तुम्ही राखलेत, असं."

मास्तर रोलर धूत होते. ते थांबले नाहीत. "चिठ्ठी कशाला? तोंड आहे ना तुला?"

"तुम्ही रागावलात."

"पुस्तकावर चिकटवलेल्या चिठ्ठीत मला बसायचं नाही," ते म्हणाले. "सांगायचं तर सांग, नाही तर राहू दे. मी कुणाकडे मागायला आलो होतो का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

दालनात पांढऱ्या भिंती आणि छतापर्यंत खिडक्या. तिचे नऊ कागद काचेत बसवलेले, खाली नावाची पट्टी. तिकिटांचा पडदा माणसांच्या येण्याजाण्याने हलत होता आणि तिकीटवाला दर दोन मिनिटांनी तो सरळ करत होता. बाबा नवा शर्ट घालून आले होते. एकेका कागदासमोर कडेला उभे राहून मान वळवत आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत, "हे माझ्या मुलीचं. दिसतंय ना नीट?" लोक हो म्हणत. मास्तर सगळ्यांत शेवटी आले. केस ओले विंचरलेले, नखांतली शाई तशीच. ते भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले. प्रत्येक कागदाशी थांबले. आपली माणसं ओळखू येतात का, असं बघावं तसे.

बाईंनी त्यांना गाठलंच. "तुम्ही यांच्या मशीनवर असता? मग तुम्हाला फार सोसावं लागत असेल. हा कागद असा लावा, तो तसा लावा म्हणून या मागेच लागत असतील."

भिंगरी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. आजूबाजूचं बोलणं तिला ऐकू येईनासं झालं.

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "प्रूफवर सही तिची आहे," ते म्हणाले.

बाई खूश होऊन हसल्या. त्यांना ते फार आवडलं. पुढे भाषणात त्यांनी ते वाक्य वापरलंसुद्धा. मग शिष्यवृत्तीसाठी भिंगरीचं नाव जाहीर झालं. टाळ्या झाल्या. माइक भिंगरीच्या हातात आला. तिला तोंड होतं, मास्तरांनी म्हटलं तसं. समोर बाबा टाळ्या वाजवत होते, चुकीच्या दिशेला तोंड करून. खरं सांगायचा पहिला शब्द अगदी ओठांवर आला होता.

"धन्यवाद," ती म्हणाली. एवढंच बोलली. लोकांना तो विनय वाटला.

सोमवारी निघायचं होतं, मंगळवारी तिथे कागदपत्रांवर सह्या. शुक्रवारी मास्तर आले नाहीत. गुडघा धरलाय, दोन दिवस येत नाही, असा निरोप आला. बाबा केबिनमधून म्हणाले, "भिंगरी, रंगवाल्याची पत्रकं आजच द्यायचीत. तू चालवतेस का? जायच्या आधी एकदा. मास्तर काल अर्धी चालवून गेलेत."

तिने प्लेट पाहिली. अर्ध्या भागात गडद निळ्या रंगाचा ठोकळा, अर्धा भाग कोरा. वेस्टेजची चळत काढली. वरच कागद होते ते त्यांच्याच पुस्तकाचे. मोठ्या कागदाच्या एका टोकाला बाकी सहाजणांचे फोटो ओळीने, आणि पान सात वेगळं पडल्यामुळे दुसऱ्या टोकाला ती एकटी. दहा मिनिटं, ती मनात म्हणाली. आपणही लावू की. दोन वर्षं तेच तर करायचंय.

तिने कागद उचलला, सुलटा धरला. निळा ठोकळा सहाजणांवर येत होता. फिरवला. आता तिच्यावर येत होता. पाठ वर केली तर मागेही तीच पानं छापलेली, तोच पेच. पुन्हा फिरवला. कसाही लावला तरी किंवा ते सहा, किंवा ती. मग मास्तरांनी काल काय केलं असेल? काल तेही इथेच उभे होते, हीच प्लेट, हेच कागद, आणि कुणाच्याच तोंडावर न छापायचा त्यांचा नियम.

काल चालवलेली चळत मशीनच्या दुसऱ्या टोकाला पडली होती. तिने वरचा कागद बघितला. मग खालचा. मग मधूनच कुठूनतरी पाच-सहा ओढून काढले. प्रत्येक कागदावर तिकीटवाला, पत्रकवाली, सगळे सहा निळ्याखाली गेले होते. आणि प्रत्येक कागदावर तिचा चेहरा स्वच्छ होता, एक ठिपकासुद्धा उडालेला नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाने त्या हरवलेल्या पोरापायी उमेदवाराचं, शाम्पूच्या बाईचं तोंड राखलं, त्याने तिच्यासाठी सहा तोंडांवर छापलं होतं. दालनात राखलं तसंच इथेही. आणि हे ती कधी बघेल असं त्यांना वाटलंही नसणार.

ती तिथेच कागदांच्या रिमवर बसली. तिला फार रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मग तिने फोन काढला आणि बाईंना लावला. वाक्य जुळवत बसली नाही.

"चेहरे मी राखलेले नाहीत," ती म्हणाली. "आमच्या मशीनवरचे मास्तर राखतात. तुम्ही विचारलंत तोवर मला ते दिसलंसुद्धा नव्हतं. मी निवडले आणि कापले, तेवढंच माझं. बाकी मी खोटं लिहिलं."

मग बाई म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतं." आणि लगेच, "तुम्हाला समजत असेल, आता मला ते दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल." भिंगरी हो म्हणाली. हे 'हो' मात्र तिने समजून उमजून म्हटलं. मग बाईंचा आवाज जरा बदलला. "त्या मास्तरांचा नंबर मिळेल का?"

"परवा येतील. इथेच फोन करा. पण ते येणार नाहीत कुठे."

फोन ठेवून तिने मान वर केली तर बाबा दारात उभे. कधीपासून होते कोण जाणे. हात चौकटीवर, मान नेहमीसारखी वळवलेली.

"म्हणजे सोमवारी जाणं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"अरेरे," बाबा म्हणाले. "फार वाईट झालं. मिळेल गं पुन्हा कधीतरी. मी सांगतो, मिळेल." आवाज अगदी बापाला शोभेल असा जड होता, त्यात काही कमी नव्हतं. पण चेहरा उजळून निघाला होता. ओठ आवरले तरी गाल आवरेनात. सात वर्षांत समोरच्याचा चेहरा न दिसल्यामुळे, आपला चेहरा समोरच्याला किती स्पष्ट दिसतो हे ते विसरून गेले होते. भिंगरीने दोन पावलांवरून ते सगळं पाहिलं. भिंगाची गरज पडली नाही.

"पत्रकं देतेस ना आज?" ते म्हणाले.

"देते."

बाबा भिंतीला हात लावत केबिनमध्ये गेले. तिने न वापरलेले कागद पुढे घेतले, एकेक करून फिरवले, सहाजण कोऱ्या बाजूला येतील असे लावले आणि मशीन सुरू केलं. पहिला कागद बाहेर आला. तिच्या तोंडावर निळा रंग ओला चमकत होता. तिने तो बाहीने पुसला नाही. शाई जरा पातळ आली होती, ती तेवढी वाढवली आणि पुढचा कागद बघितला.